काळा धूर, दम नाही आणि फिटर म्हणतोय पंप काढा

कराडकडच्या एका वाचक दादांचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे स्किड स्टिअर लोडर आहे, आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक बॉबकॅटच म्हणतात तो. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलाय, ३.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), साधा मेकॅनिकल डिझेल पंप, मीटरवर ६,२०० तास. साखर कारखान्याच्या यार्डात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ढकलायचं काम आहे. तीन आठवड्यांपासून ढिगात बकेट घातली की काळाकुट्ट धूर आणि इंजिन दबतं, रिकामं पळवलं तर सगळं ठीक. सकाळचा पहिला तास बरा जातो, गरम झालं की त्रास वाढतो. शिट्टीसारखा आवाजही वाढलाय म्हणतात. फिटरने डिझेल फिल्टर दोनदा बदलला, एअर फिल्टर कॉम्प्रेसरने हवा मारून साफ केला, आणि आता म्हणतोय पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढू, टर्बो नवीन टाकू, ८५ हजार लागतील. हप्ते चालू आहेत, सीझन चालू आहे. दादा विचारतात, "काका, पंप काढू का? आणि तोपर्यंत मशीन चालवू का?"

दादा, पंप काढू नका. आत्ता तरी अजिबात नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो.

आधी धुराकडे बघू, कारण निम्मं निदान तिथंच होतं. काळा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण ते पूर्ण जळायला हवा कमी पडतेय, किंवा हवा बरोबर आहे आणि डिझेल जास्त पडतंय. एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण १० हजार लिटर हवा लागते, आणि हे फक्त हिशोबाचं झालं, प्रत्यक्षात डिझेल इंजिनला त्याहून बरीच जास्त द्यावी लागते नाहीतर धूर येणारच. तुमचं ३.३ लिटरचं इंजिन फुल रेसवर टर्बो नसता तरी मिनिटाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढलं असतं, टर्बोमुळे ती अजून वाढते. एवढी हवा ज्या रस्त्याने जाते तो रस्ता कुठं चोंदला किंवा कुठं फुटला तर पंप आपलं डिझेल तेवढंच टाकत राहणार, त्याला बिचाऱ्याला काय माहीत वर हवा पोचत नाही.

आता बघा, डिझेल फिल्टर बदलून उपयोग का नाही झाला ते. फिल्टर चोक असता तर डिझेल कमी पडलं असतं, इंजिनचा दम गेला असता पण धूर काळा झाला नसता, उलट सायलेन्सर स्वच्छ दिसला असता. म्हणजे दम कमी आणि धूर नाही तर डिझेलच्या बाजूला शोधायचं, दम कमी आणि काळा धूर तर आधी हवेच्या बाजूला शोधायचं. तुमच्या फिटरला मी नावं ठेवत नाही, त्याने मेहनत केलीय, फक्त सुरुवात चुकीच्या टोकाकडून केलीय आणि मोठ्या खर्चाच्या बाजूला आधी गेलाय.

निळा धूर असता तर इंजिन ऑइल जळतंय, टर्बोचं सील, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा असता तर थंड इंजिनात न जळलेलं डिझेल किंवा कूलंट आत जातंय, कूलंटच्या धुराला गोडसर वास येतो. तुमचं ऑइल कमी होत नाही, पाणी कमी होत नाही असं लिहिलंय, म्हणून या दोन्हीत जास्त वेळ घालवत नाही.

स्किड स्टिअरमध्ये अजून एक गोष्ट आहे जी ट्रक-ट्रॅक्टरच्या फिटरच्या लगेच ध्यानात येत नाही. इथं चाकाला गिअरबॉक्स नाही, सगळं हायड्रॉलिकवर आहे, म्हणून मशीनला दम नाही असं वाटलं तर दोष इंजिनचा का हायड्रॉलिकचा हे आधी वेगळं करायला लागतं. सोपं आहे. ढिगात घातल्यावर आरपीएम तसेच राहतात आणि मशीन मात्र पुढं ढकलत नाही, तर इंजिन ठीक आहे, हायड्रॉलिकचे पंप-मोटर किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) बघा. आरपीएम धाडकन पडतात, इंजिन गुरगुरतं आणि काळं ओकतं, तर इंजिनला हवं तेवढं बळ मिळत नाही, किंवा त्याच्यावर कुठूनतरी फालतूचा लोड येतोय. तुमचे आरपीएम पडतायत. पण एवढं करून बघाच, गाडी उभी ठेवून नुसते आर्म उचला, बकेट पूर्ण आत वळवून शेवटाला पाच-सात सेकंद धरून ठेवा, आणि मग वेगळं, रिकाम्या सपाट जागेवर पुढं-मागं चालवा. फक्त चालवतानाच दबत असेल तर पार्किंग ब्रेक सुटत नसेल, चेन केसमध्ये (चाकं फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीत) काही अडकलं असेल, तो लोड इंजिनवर येतो आणि चांगलं इंजिनसुद्धा काळा धूर देतं. दोन्हीकडे दबतं म्हणजे इंजिन. बकेट शेवटाला जास्त वेळ धरून ठेवू नका, रिलीफमधून जाणारं ऑइल फार पटकन तापतं.

आणि आरपीएम कानाने सांगू नका. साधा डिजिटल टॅकोमीटर घ्या, क्रँक पुलीला चमकती पट्टी चिकटवा, लोड नसताना फुल रेसला किती येतात ते लिहून ठेवा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. रेसची केबल ताणली गेलेली असते, लिव्हर पंपाच्या स्टॉपरला टेकतच नाही आणि आपण इंजिन खोलायला बसतो. हे मी खूपदा बघितलंय.

आता मुख्य काम, हवेचा रस्ता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने तपासत जायचं, मधलं काही सोडायचं नाही.

काम सुरू करायच्या आधी आर्म खाली बकेट जमिनीवर, इंजिन बंद, आणि केबिन वर करायची असेल आणि त्यासाठी आर्म उचलावे लागत असतील तर लॉक लावल्याशिवाय कुणीही खाली डोकं घालायचं नाही. जॅक नाही, लाकडाचा ठोकळा नाही, कंपनीचाच आर्म लॉक. हे मी दरवेळी लिहितो आणि लिहीत राहणार.

सुरुवात एअर फिल्टरपासून. बाहेरचा मोठा आणि आतला छोटा सेफ्टी फिल्टर असे दोन असतात. तुमच्याकडे बगॅसची धूळ आहे, ती मातीसारखी जड नसते, कापसासारखी धाग्याधाग्यांची असते आणि कागदाच्या घड्यांमध्ये जाऊन गादीसारखी बसते, वरून साफ दिसतं आणि आत घडी बंद. त्यात फिटरने कॉम्प्रेसरचा पूर्ण प्रेशर मारला असेल तर कागदाला बारीक भोकं पडली असतील ती वेगळीच. हवा मारायचीच तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत, नोझल लांब धरून. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत बल्ब धरून बघा, टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी तो फिल्टर गेला. आतला सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, सरळ बदलायचा. आणि फिल्टर काढलाच आहे तर त्याच्या पुढच्या पाईपात, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला, बोट फिरवून बघा. बोटाला तेलकट काळपट थोडं लागलं तर ठीक, पण कोरडी करडी धूळ लागली, बोटांच्या चिमटीत घासल्यावर किरकिर जाणवली तर धूळ इंजिनात जातेय, आणि मग टर्बोची पाती आणि लायनर दोन्हीची काळजी करायला लागेल. हाउसिंगच्या खाली रबराची चोच असते धूळ पडायला, ती चिकटलीय का फाटलीय तेही बघा, बगॅसमध्ये ती हमखास बुजते.

यानंतर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज, आणि इथं मला थांबायलाच पाहिजे, कारण तुमच्या पत्रातलं "सकाळी बरं, गरम झालं की जास्त" हे वाक्य वाचलं तेव्हाच मला एक जुनी गोष्ट आठवली. वीटभट्टीवरचा एक लोडर माझ्याकडे आला होता, हीच तक्रार. मी पण तरुण होतो, पंप खाली घेतला, कॅलिब्रेशनला पाठवला, चारही नोझल नवीन, चार दिवस गेले. बसवून चालू केला तर धूर तसाच. मालक काही बोलला नाही, पैसे देऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. मी मागचं दार उघडं ठेवून मशीन तापू दिलं आणि माझ्या पोराला लांबून रेस द्यायला लावली, तर फिल्टर आणि टर्बोच्या मधला होज माझ्या डोळ्यांसमोर चपटा झाला, शहाळ्यात मलई अडकल्यावर जोरात ओढलं की स्ट्रॉ चपटी होते ना, अगदी तशी. रेस कमी केली की परत गोल. बाहेरून होज एकदम चांगला, एक चीर नाही, आतला थर सुटून लोंबत होता आणि तापल्यावर रबर मऊ होऊन आत ओढला जात होता. होज बदलला, मशीन पहिल्यासारखं. मी त्या माणसाला मजुरी परत केली, पण पंपवाल्याचं बिल त्याच्याच डोक्यावर बसलं होतं. ते मला अजून लागतं, आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय. तुमचा होज काढा, आत बॅटरीचा उजेड टाका, बोटाने आतला थर चिमटीत धरून ओढून बघा, सुटतोय का. आणि तापलेल्या मशीनवर लांब उभं राहून नजरेनेही बघा, हात पंख्याच्या आणि बेल्टच्या आसपास न्यायचा नाही.

मग टर्बोच्या पुढचा भाग, म्हणजे टर्बो ते मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरना हवा वाटणारा भाग), मध्ये इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) असेल तर तोही. इथं उलटं असतं, आधी ओढ असते आणि इथं दाब, म्हणून इथला होज चपटा होत नाही, फुटतो किंवा क्लॅम्पमधून सरकतो, आणि लोडवर फुसफुस किंवा शिट्टी येते. तुमची वाढलेली शिट्टी मला टर्बोपेक्षा या जोडांमध्ये जास्त संशयाची वाटते. होजच्या खालच्या बाजूला हात फिरवा जिथं नजर जात नाही, तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथूनच हवा निघते असं समजा. खात्री करायला घरगुती टेस्ट आहे. टर्बोच्या तोंडाला येणाऱ्या होजच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, छोट्या होजच्या तुकड्याने टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने घट्ट लावा आणि १० ते १२ पीएसआय हवा भरा, जास्त अजिबात नाही, आणि कॅपच्या समोर तोंड नेऊ नका. साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक जोडावर फिरवा. बुडबुडे दिसतील. सायलेन्सरमधून किंवा ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) हळू आवाज येईल, एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो, त्याला घाबरायचं नाही. पण मॅनिफोल्डच्या गास्केटला किंवा इंटरकूलरच्या कोपऱ्याला फेस आला तर सापडलं तुमचं दुखणं.

एक्झॉस्टकडेही एक नजर टाका. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधे काजळीची काळी रेघ दिसली तर तिथून गॅस निसटतोय आणि टर्बोला जोर मिळत नाही. सायलेन्सर आतून तुटून पत्रा आडवा पडला असेल तर इंजिनचा श्वासच कोंडतो.

हे सगळं बघितलं की मग गेज लावा. हवेच्या मॅनिफोल्डवर जिथं छोटा प्लग किंवा पंपाच्या बूस्ट (टर्बोने तयार केलेला हवेचा दाब) डायफ्रामकडे जाणारा बारीक पाईप असतो तिथं टी टाकून ०-३० पीएसआयचा गेज, आणि पाईप लांब घेऊन गेज केबिनमध्येच बांधा म्हणजे मशीन काम करत असताना कुणाला जवळ उभं राहायला लागत नाही. रिकाम्या रेसला बूस्ट फारसा दिसणार नाही, टर्बोला लोड लागतो, म्हणून फिटरने उभ्या मशीनला रेस देऊन "टर्बो ठीक" किंवा "टर्बो गेला" म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. ढिगात घालून बघा. अशा इंजिनांना लोडवर साधारण १० ते १५ पीएसआय दिसतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा खरा. तीन-चारच दिसत असेल तर हवेची बाजू अजून सुटलेली नाही, गळती नाहीतर टर्बो. बूस्ट पूर्ण आहे आणि तरी काळा धूर, तरच नोझल आणि पंपाकडे जायचं. या एका गेजने तुमच्या ८५ हजारांचा निर्णय होतो, आणि गेज-पाईप-टी मिळून हजार-दीड हजारात भागतं.

टर्बो बघायचा तर इंजिन बंद, थंड, तोंडाचा होज काढून चाक बोटाने फिरवा. सहज फिरलं पाहिजे. आडवं किंचित हलतं ते चालतं, ऑइलच्या थरावर तरंगणारं बेअरिंग आहे ते, पण मागं-पुढं खेचल्यावर स्पष्ट खटखट जाणवली किंवा पातं हाउसिंगला घासल्याचा चमकता ओरखडा दिसला तर टर्बो गेलाय. पात्यांच्या कडा धुळीने झिजून गोल झाल्यात का तेही बघा. वेस्टगेट (टर्बोचा दाब जास्त झाला की एक्झॉस्टला वळसा देणारा झडपा) असेल तर तो उघडा अडकलेला नाही ना, दांडी हाताने हलते का बघून घ्या, मी दोनदा फक्त तेवढ्यावर मशीन चालू करून दिलंय.

यातलं काहीच सापडलं नाही तर पुढचा नंबर टॅपेट सेटिंगचा (व्हॉल्व्हच्या फटी जुळवण्याचा), ६,२०० तासांत शेवटचं कधी झालं ते आधीच्या मालकालाही माहीत नसेल. मग ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उलटं ठेवून बघा, थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं किंवा भकाभका धूर आला तर रिंग-लायनरची तब्येत बघायला कंप्रेशन गेज लावायला लागेल. आणि त्याच्यानंतर नोझल. मेकॅनिकल पंपावर आयडलला एकेका नोझलचा पाईप-नट सैल करून बघता येतं, ज्या सिलिंडरला सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो आधीच काम करत नाहीये. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना हात जोडून सांगतो, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाईपातून डिझेल देणाऱ्या) इंजिनवर चालू असताना पाईप सैल करायचा नाही म्हणजे नाही, तिथं हजार बारच्या वर दाब असतो, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि बोट कापायची वेळ येते. काम तुमच्या साध्या पंपाचं असलं तरी हातमोजे आणि चष्मा घालाच.

अजून एक विचारतो, सेकंड हँड घेताना आधीच्या मालकाने किंवा मधल्या कुणी पंपाचा फुल लोड स्क्रू (जास्तीत जास्त किती डिझेल पडेल ते ठरवणारा) फिरवलाय का? सील तुटलंय का बघा, शिशाचा नाहीतर टोपीचा सील असतो. "पिकअप वाढवून देतो" म्हणून पाव फेरा फिरवणारे खूप आहेत, त्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि एक्झॉस्टचं तापमान वाढत जातं. सील तुटलेलं असेल आणि बूस्ट पूर्ण असेल तर मात्र पंपवाल्याकडे जाणं बरोबर, बेंचवर लावून आकड्याने सेट करून आणा, कानाने नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तोपर्यंत चालवू का. काळ्या धुरात लोडवर चालवू नका, दादा. जे डिझेल जळत नाही ते पिस्टनच्या माथ्यावर आणि टर्बोवर उष्णता वाढवतं, थोडं लायनरवरून धुऊन ऑइलमध्ये उतरतं, आज शेदोनशेचा क्लॅम्प आहे तो दोन आठवड्यांत पिस्टनचं काम होऊ शकतं. हलकं काम, झाडलोट, धूर न येईल एवढ्याच रेसवर, चालेल. ठेकेदाराला एक दिवस मागून घ्या, ही सगळी तपासणी दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. रेडिएटर आणि ऑइल कूलर एकमेकांना चिकटून असतात, त्यांच्या मधे बगॅस नमद्यासारखी बसते, ती त्याच दिवशी दोन्ही वेगळे करून काढा, गरम मशीनचा अर्धा त्रास तिथंच असतो. आणि इंजिन लोडवरून आल्यावर लगेच बंद न करता तीन-चार मिनिटं आयडल ठेवायला ऑपरेटरला सांगा, टर्बोतलं ऑइल जळून कोळसा होतो नाहीतर.

कधी टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटलं, चावी बंद करूनही थांबेना, तर आधी सगळ्यांना लांब करा. हाताने किंवा फडक्याने हवेचं तोंड बंद करायला जाऊ नका, फडकं आत ओढलं जातं आणि हातही. सपाट फळी जवळ ठेवलेली असेल आणि सुरक्षित पोचता येत असेल तरच तोंडावर दाबा.

मला तीन आकडे पाठवा: लोड नसतानाचे फुल रेसचे आरपीएम, ढिगात घातल्यावर ते किती पडतात, आणि त्याच वेळी गेजवर किती पीएसआय दिसतो. सोबत होजच्या आतल्या बाजूचा आणि पंपाच्या सीलचा फोटो. फिटरलाही सोबत घ्या, त्याला बाजूला सारू नका, उद्या तुमच्या यार्डात धावत तोच येणार आहे.